चार वाजताचा रकाना

येरवडा,
मंगळवार, १ जुलै २०२५

आदरणीय हिराआत्या,
सप्रेम जय भीम.

पत्र पाहून घाबरू नकोस. सगळे खुशाल आहेत. संजयची पहिली पाळी चालू आहे आणि दीक्षा दहावीत गेल्यापासून आम्हा दोघांना रोज काहीतरी शिकवते. पत्र एवढ्यासाठी की फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने घालतेस. शिवाय डॉक्टरांनी मला रात्री नऊनंतर फोनला हात लावायचा नाही असं सांगितलंय. म्हणून दीक्षाच्या जुन्या वहीची पानं फाडून लिहायला बसले.

आत्या, मला झोप येत नाही. मे महिन्यापासून. कारण विचारशील तर काही नाही. अंथरुणावर पडलं की दिवस पुन्हा सुरू होतो. कोणाला कुठे उतरवलं, व्हॅनचं दार नीट लागलं होतं ना, शेवटची सीट वाकून पाहिली होती ना. मग एक वाजतो, दोन वाजतात. साडेपाचला उठून गाडी काढायची असते. यंदा अकरा मुलं आहेत माझ्या व्हॅनला, सगळी पहिली ते चौथीतली.

रक्त तपासलं, थायरॉइड, बीपी, साखर, सगळं ठीक. घोरता का, असं डॉक्टरांनी विचारलं तर संजय म्हणाला, "घोरायला आधी झोपावं लागतं." शेवटी त्यांनी एक छापील कागद दिला. त्यावर चौदा नियम आहेत. त्याची नक्कल सोबत पाठवते. तू तेहतीस वर्षं वॉर्डात काढलीस, तेव्हा यातलं आधी काय करू ते तूच सांग. चौदा एकदम धरले तर दिवसाला तास कमी पडतील.

व्हॅन चालवताना मात्र काही त्रास होत नाही. त्याची काळजी करू नकोस.

तुझी,
कल्याणी


नारायण पेठ,
शनिवार, ५ जुलै २०२५

चि. कल्याणी,
जय भीम.

तुझं पत्र चार दिवसांनी मिळालं. येरवड्याहून निघालेला माणूस वाटेत दोनदा चहा पिऊनही आधी पोचला असता. असो. फोनबद्दल जे लिहिलंस ते खरं आहे, म्हणून रागावत नाही.

चौदा नियम वाचले. छापणाऱ्याला घर चालवायचं नसावं. तू सध्या चारच धर. एक, रात्री कितीही वाजता झोप लागो, सकाळी उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. दोन, मुलांना शाळेत सोडून आलीस की अर्धा तास उन्हात चाल. मोबाइलवर बोलत नाही, नुसती चाल. तीन, दुपारी दोननंतर चहा बंद. तुझा चहा मला माहीत आहे, त्यात चमचा उभा राहतो. चार, रात्रीचं जेवण आठच्या आत आणि दिवसा आडवं व्हायचं नाही. बाकीचे दहा नियम फ्रिजवर लावून ठेव, पाहुण्यांना वाचायला होतील.

आता मुख्य काम. वॉर्डात रोग्याच्या पायथ्याशी तक्ता असायचा. दर दोन तासांनी ताप, नाडी, श्वास. तक्ता पाहिला की माणूस न बोलताही कळायचा. तसाच तुझ्यासाठी आखून पाठवते. कितीला आडवी झालीस, अंदाजे कितीला लागली, कितीदा जाग आली, कितीला उठलीस. शेवटचा रकाना पहाटे चार वाजताचा आहे. त्या वेळी जागी असलीस तर फुली मार. झोपलेली असलीस तर रिकामा सोड. चारच का, ते विचारू नकोस. रात्रपाळी केलेल्या बाईला चार वाजता काय असतं ते माहीत असतं.

एक गोष्ट. व्हॅनचं मी विचारलं नव्हतं. तू सांगितलंस. येत्या रविवारी ये, तोंड पाहू दे.

हिराआत्या


येरवडा,
रविवार, १३ जुलै २०२५

आदरणीय आत्या,
सप्रेम जय भीम.

आज यायचं होतं, पण गाडीचं पासिंग जवळ आलंय, मेकॅनिककडे जावं लागलं. पुढच्या रविवारी नक्की.

तुझे चारही नियम पाळते आहे. त्यावर डॉक्टरांचे पाच चढवलेत, होऊन जाऊ दे म्हटलं. साडेपाचला उठते. मुलांना सोडलं की डेक्कन कॉलेजच्या बाजूला अर्धा तास चालते, आणि अर्धा तास झाला का हे बघायला सारखी घड्याळ काढते. दुपारचा चहा बंद केल्यापासून डोकं ठणकतं. रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून बसते. संजय म्हणतो, झोपेसाठी एवढं कोणी राबत असेल तर तिने लाजून तरी यावं.

सकाळी लिंबूपाणीही घेते. मंडईतून लिंबं आणली, त्यातली चार तुला पाठवावीत असं मनात आलं आणि मग आठवलं, तुझ्याकडे मंडईतलं लिंबू चालत नाही. भाजी मंडईची, फळं मंडईची, लिंबू तेवढं कोपऱ्यावरच्या वाण्याकडचं. बाबा म्हणायचे, "हिराची एक तऱ्हा आहे, विचारायचं नाही."

तक्ता भरताना त्यांची फार आठवण येते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसवायचे तेव्हा मागे उभे राहायचे. "रकाना रिकामा सोडायचा नाही. आपला अर्ज परत पाठवायला त्यांना निमित्त लागतं, ते आपण द्यायचं नाही." लागू नसेल तिथे 'लागू नाही' लिहायला लावायचे. तूही त्यांचीच बहीण, मग रिकामा रकाना कसा काय सांगतेस?

फुल्या पाहशीलच. आठवड्यात सहा. पूर्वी जाग आली की नुसती पडून राहायचे, आता चार वाजायची वाट बघते. वाजले की फुली मारते आणि वाटतं, आजही नापास.

गुरुवारी आषाढ पौर्णिमा झाली. वर्षावासाचं, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन यंदा घरीच ठेवलंय, रोज आठला. दीक्षा वाचते. तिचा आवाज थेट बाबांसारखा आहे, दर वाक्याला थांबणारा.

किती दिवसांत फरक पडेल गं? काहीतरी आकडा सांग.

कल्याणी


नारायण पेठ,
शुक्रवार, १८ जुलै २०२५

चि. कल्याणी,
जय भीम.

आकडा सांगत नाही. मंडईत गरजेचा चेहरा करून भाव विचारला की भाजीवाली चढाच सांगते. झोपेचं तसंच आहे. तू तिच्या दारात नऊ-नऊ नियम घेऊन उभी राहिलीस तर ती कशाला खाली उतरते?

चूक माझीही आहे. तुझ्यासारख्या पोरीला तक्ता द्यायला नको होता. तुम्ही पहिल्या नंबरावर वाढलेल्या मुली, तुम्हाला झोपेतही मार्क हवेत. आता ऐक. खोलीतलं घड्याळ बाहेर काढ. फुली सकाळी उठल्यावर मार, आठवेल तशी. वीस मिनिटांच्या अंदाजाने झोप लागली नाही तर अंथरूण सोड, दुसऱ्या खोलीत बस, लसूण सोल, डोळे जड झाले की परत जा. पाय बुडवणं बंद कर. दीक्षाचं वाचन मात्र मोडू नकोस. चांगल्या सवयींतली ती एकच तू झोपेसाठी करत नाहीस.

आणि आता कान उघडे ठेवून वाच. आठवड्यात सहा फुल्या असलेल्या बाईने अकरा लेकरं घेऊन रस्त्यावर जायचं नसतं. डॉक्टरांच्या चौदा नियमांत हा नाही, कारण तू त्यांना व्हॅनचं सांगितलेलंच नसणार. पंधरा दिवस गाडी दुसऱ्याला दे. तुमच्या गल्लीत बसचे निवृत्त ड्रायव्हर राहतात, पोपटराव, त्यांना विचार. उत्तर लगेच पाठव.

रविवारी आली नाहीस. मेकॅनिक सगळा दिवस घेतात का?

हिराआत्या


येरवडा,
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

आदरणीय आत्या,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. पण बातमी चांगली आहे! मला झोप लागते आहे. तू म्हणालीस तसं घड्याळ बाहेर काढलं आणि तिसऱ्या दिवसापासून फरक पडला. रोज साडेदहा ते साडेपाच, सात तास. सोबत पंधरा दिवसांचा तक्ता जोडला आहे, बघ आणि निश्चिंत हो.

त्यामुळे पोपटरावांना त्रास देण्याची गरज पडली नाही. पालकही खूश आहेत. "कल्याणीताईंच्या व्हॅनमध्ये पाठवलं की आम्ही बिनघोर," असं परवाच एकीने म्हटलं.

तुझे खरंच आभार. आता पत्रांचा त्रास तुला देत नाही. गुडघा सांभाळ, तिसरा मजला आहे.

तुझी,
कल्याणी


नारायण पेठ,
शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

कल्याणी,

तक्ता पाहिला. फार सुरेख आहे. पंधरा दिवस, एकच पेन, एकच अक्षर, कुठे खाडाखोड नाही, चहाचा डाग नाही. आणि चार वाजताच्या रकान्यात पंधराच्या पंधरा वेळा लिहिलं आहेस, 'झोपलेली'.

मी सांगितलं होतं, झोपलेली असलीस तर रिकामा सोड. झोपलेलं माणूस लिहीत नाही. पण तुला रिकामा रकाना सोडवला नाही. तुझ्या बाबाने, आमच्या बाबुरावने, घासून घेतलेला हात आहे तो, एका बैठकीत सगळा अर्ज भरणारा. पोरी, हा तक्ता तू एका बैठकीत भरलास.

हे मला कसं कळलं ते सांगते. आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बाबुरावलाही नाही.

१९९४ साल. मी एकोणचाळीसची होते, तुझ्याच वयाची. पुरुषांचा वॉर्ड, बेचाळीस रोगी आणि रात्रीला मी एकटी, कारण जोडीची सिस्टर रजेवर. ओळीने नववी रात्रपाळी होती. दोन वाजता सगळ्यांचे ताप घेतले. पुन्हा घ्यायचे चारला. तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणी एक करायच्या. दोनच्या नोंदी करतानाच चारच्याही भरून टाकायच्या, जो रोगी स्थिर आहे त्याच्या. म्हणजे मधे तासभर टेबलावर डोकं टेकता यायचं. मी तोवर कधी केलं नव्हतं. त्या रात्री केलं. सतरा नंबरच्या खाटेवर बजरंग नावाचे एक शेतकरी होते, न्यूमोनियाचे, उताराला लागलेले. त्यांच्या चारच्या रकान्यात मी लिहिलं, ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी ऐंशी.

पावणेपाचला मी दचकून उठले आणि फेरीला निघाले. सतरा नंबरचा हात हातात घेतला तर गार होता. कधीचाच गार होता. तक्ता सांगत होता, चार वाजता नाडी ऐंशी.

डॉक्टर म्हणाले, अचानक हृदय बंद पडलं, कोणीच काही करू शकलं नसतं. कदाचित खरंही असेल. मी जागी असते तर कळलं असतं. आता मला ते कधीच कळणार नाही.

तुझ्या तक्त्यात अकरा लेकरं आहेत. पत्र हातात पडेल त्या क्षणी गाडीची किल्ली खाली ठेव. मग मला खरं लिही.

हिराआत्या


येरवडा,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

आत्या,

तुझं पत्र आज बारा वाजता मिळालं. साडेबाराला मुलांना आणायला निघायचं होतं. मी जिन्यातच बसून वाचलं आणि तशीच पोपटरावांच्या दारात गेले. ते जेवत होते. मी किल्ली ताटाशेजारी ठेवली आणि म्हटलं, "काका, माझ्याने नाही चालवत." त्यांनी हात धुतला आणि चपला घातल्या. आज मुलं त्यांनी घरी सोडली.

आता खरं सांगते. मला झोप लागत नाही. मे महिन्यात फोनवर एक व्हिडिओ आला होता, कुठल्याशा गावातली शाळेची व्हॅन कालव्यात गेलेली. काठावर दप्तरं वाळत ठेवली होती. तो मी पन्नास वेळा तरी पाहिला असेल. त्या रात्रीपासून डोळे मिटले की माझी अकरा दप्तरं दिसतात. हे मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही, हसतील म्हणून.

वीस जूनला सकाळी सिग्नलला माझा डोळा लागला. मागच्या सीटवरून उत्कर्षाने, दुसरीतली आहे, माझ्या खांद्यावर टकटक केलं. "काकू, हिरवा झाला." मी हसून वेळ मारून नेली. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले आणि मग तुला पहिलं पत्र लिहिलं.

आणि गेल्या सोमवारी, चार ऑगस्टला, गाडी चालू असताना लागला. आत्या, चालू असताना. पर्णकुटीच्या उताराला. किती वेळ ते माहीत नाही, एखादा सेकंद असेल. चाक दुभाजकाला घासलं त्या आवाजाने जागी झाले आणि ब्रेक दाबला. मुलं पुढच्या सीटवर आपटली. उत्कर्षाच्या कपाळाला टेंगूळ आलं. तिच्या आईला मी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. तिने मलाच पाणी दिलं, म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून वाचलं." दुसऱ्या दिवशी मी तो तक्ता भरला. तुला फसवायला नाही, किंवा हो, तुलाच फसवायला, आणि मलाही. पंधराव्यांदा 'झोपलेली' लिहिताना मला जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

रविवारी येत नव्हते ते यासाठीच. तू डोळ्यांखाली बोट लावून पाहिलं असतंस.

आता उत्कर्षाच्या आईला सांगायला हवं ना? सगळ्याच पालकांना. सांगितलं तर कोण आपलं मूल पुन्हा माझ्या गाडीत बसवेल? सात वर्षं लागली हा विश्वास जमवायला. रोज ठरवते आणि तिच्या फाटकावरून परत येते.

तू त्यांच्या घरच्यांना सांगितलंस का गं, बजरंग यांच्या?

कल्याणी


नारायण पेठ,
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

चि. कल्याणी,
जय भीम.

किल्ली ठेवलीस हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. बरं केलंस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. सांगितलं नाही.

त्यांची बायको बायडाबाई बाहेर व्हरांड्यात झोपायची. रात्री नातेवाइकांना वॉर्डात येऊ देत नसत. मंडईत तिचा लिंबांचा गाळा होता. रोज येताना आम्हा सिस्टरांसाठी पदरात लिंबं आणायची, नको म्हटलं तरी टेबलावर ठेवायची. चारला ताप घेतात हे तिला ठाऊक होतं. त्या पहाटे तिने मला एकच विचारलं. "चार वाजता बरं व्हते न्हवं, शिस्टर?" मी म्हटलं, "हो." तक्ता दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी दाखवला.

मला वाटलं, एवढं ऐकून तिला बरं वाटेल. खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही. तेव्हापासून रोज चारला मला जाग येते. एकतीस वर्षं झाली. निवृत्त झाले, कान गेले, तरी चार चुकत नाहीत. आणि ही बाई तुला झोपेच्या सवयी शिकवत होती.

मंडईतल्या त्या गल्लीत मी पाऊल टाकत नाही. तऱ्हा आहे ती एवढीच.

उत्कर्षाच्या आईने तुला पाणी दिलं, ते तुझ्या घशात अडकलं आहे. ते आपोआप उतरणार नाही, मी अनुभवाने सांगते. विश्वास जाईल म्हणतेस. जाईल. पण कुत्रं आडवं आलं यावर उभा असलेला विश्वास कोणाचा? त्या कुत्र्याचा. आधी तिला सांग, मग बाकीच्यांना. डॉक्टरांनाही सांग, व्हिडिओसकट. हसले तर डॉक्टर बदल.

माझ्यासारखी होऊ नकोस गं.

हिराआत्या


येरवडा,
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

आदरणीय आत्या,
सप्रेम जय भीम.

सांगितलं. सोळा तारखेला सकाळी उत्कर्षाच्या घरी गेले आणि दारातच सांगून टाकलं, आत गेले असते तर तोंड उघडलं नसतं. तिची आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बारा दिवस मी तुम्हाला देव समजत होते." आणि दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं, त्याने जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी बाकीच्या पालकांना घरी बोलावलं. संजय शेजारी उभा राहिला. एकजण ओरडले, पोलिसांत देतो म्हणाले. मी म्हटलं, द्या. चौघांनी मुलं काढून घेतली. सहा राहिली, पोपटराव चालवणार आणि मी मागे मुलांजवळ बसणार या अटीवर. आता मी माझ्याच व्हॅनमध्ये मदतनीस आहे. एकेकाचा पट्टा लावते, दार लावते, शेवटची सीट पाहते. पोपटराव वीसच्या वर जात नाहीत, रिक्षावाले शिव्या देऊन पुढे जातात.

अकरावी उत्कर्षा. पाच दिवसांनी तिची आई तिला घेऊन थांब्यावर उभी होती. माझ्याशी बोलली नाही, पोपटरावांना म्हणाली, "हिच्या बाबांची ड्युटी आहे, नाइलाज आहे." उत्कर्षाने चढल्यावर विचारलं, "काकू, तुम्ही आज झोपून आलात का?" मी खरं ते सांगितलं, तीन तास. ती म्हणाली, "मग तुम्ही खिडकीत बसा, मी हाक मारीन."

डॉक्टर हसले नाहीत. व्हॅनचं आधी का सांगितलं नाही म्हणून चांगलेच रागावले. व्हिडिओ त्यांच्यासमोर पुसायला लावला आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. आता नियम दोनच आहेत. अकराच्या आधी आडवं व्हायचं नाही आणि साडेपाचला उठायचंच. ते सांगतील तेव्हाच चाक हातात घ्यायचं. रोज सकाळी भीती वाटते की ते कधीच सांगणार नाहीत.

पण परवा एक झालं. आठच्या वाचनाला भिंतीला टेकून बसले होते. दीक्षा वाचत होती, दर वाक्याला थांबत. पुढचं आठवतच नाही. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती आणि ग्रंथात खुणेचा कागद. मला लाज वाटली, वाचनात झोपले म्हणून, शिवाय अकराच्या आधी. दीक्षा म्हणाली, "मम्मी, तू ऐकता ऐकता झोपलीस. कुणी हरकत घेतली का?"

आत्या, सोबत एक कोरा तक्ता आहे. मी आखलाय. हा तुझ्यासाठी. तू मला दिला होतास तसाच, चार वाजताच्या रकान्यासकट. खोटा भरलास तर मला कळेल, मी तुझीच भाची आहे.

कल्याणी


नारायण पेठ,
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

चि. कल्याणी,
जय भीम.

तुझा तक्ता आठवडाभर तसाच ठेवला होता. गणपतीत ढोलांवर ढकललं, खरं तर मला ढोल आता फक्त छातीत ऐकू येतात. मग सुरू केला. सोबत पाठवते आहे. अक्षर वाकडं आहे, दोन ठिकाणी डाग आहेत. खरा आहे.

काल आश्विन पौर्णिमा झाली, वर्षावास संपला. दीक्षाने शेवटचं पान वाचलं असेल. तुझं कार्ड मिळालं, पाच तास झोप म्हणजे वाईट नाही, आणि आता डॉक्टरांनी रविवारी रिकाम्या गाडीने पोपटरावांना शेजारी बसवून चालवायला सांगितलं, हे वाचून बरं वाटलं. घाई करू नकोस.

सोमवारी मी मंडईत गेले होते. लिंबांच्या गल्लीत. वाटलं होतं, ती नसेल, गाळा कोणा दुसऱ्याचा असेल आणि मी परत येईन. ती होती. पार वाळली आहे, गादीवर बसून लिंबं निवडत होती, विकायला सून. मी नाव सांगितलं, इथेच नारायण पेठेत राहते म्हटलं. ओळखलं नाही. सतरा नंबर म्हटलं तेव्हा हातातलं लिंबू खाली ठेवलं.

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दोन वाजता भरलेली नोंद, टेबलावर टेकलेलं डोकं, गार हात. चारला ते बरे होते हे मी खोटं सांगितलं, असं म्हटलं.

तिने पुढ्यातली लिंबं बाजूला सारली. मग म्हणाली, "साडेचारला म्या च्या प्यायला खाली गेल्ते. गेटवर. माघारी आले तर तुमी म्हन्ला, गेले. मला वाटलं, चारला चांगलं हायती, म्या च्या पीत बसले आन् तेवढ्यात गेले. येकटे. माझ्या च्यापायी."

मी म्हटलं, "नाही बायडाबाई. तुम्ही उठलात त्याच्या आधीच ते गेले होते."

"तवापास्नं म्या च्या सोडला," ती म्हणाली. "एकतीस वर्सं. आन् तुमी हितं नारायण पेठंत ऱ्हाता?"

कल्याणी, मला वाटत होतं की ते खोटं मी एकटी वाहते आहे. अर्धं तिच्या डोक्यावर होतं आणि तिला ते खरं वाटत होतं. एका रकान्यापायी. माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे.

मी माफी मागितली. तिने दिली नाही. "जावा आता," म्हणाली आणि पुन्हा लिंबं निवडायला लागली. मी वळले. गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा मागे पाहिलं. ती सुनेला काहीतरी सांगत होती, सून उठून चहाच्या टपरीकडे गेली आणि एक कप घेऊन आली. बायडाबाईने तो दोन्ही हातांत धरला होता. प्यायली की नाही ते मी पाहिलं नाही, थांबायचा मला हक्क नव्हता.

आता तक्ता बघ. सप्टेंबरपासून चारच्या रकान्यात फुल्या आहेत, एकही चुकली नाही. सोमवारच्या रात्रीही आहे, त्या रात्री मी अजिबात झोपले नाही. शेवटची ओळ कालच्या रात्रीची. सकाळी दूधवाल्याने दार वाजवून शेजारच्यांना बोलावलं, कारण साडेसहा वाजले तरी मी दार उघडलं नव्हतं. सगळे घाबरून उभे होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

त्या ओळीतला चारचा रकाना मी पाच मिनिटं पाहत बसले होते. बाबुरावची आठवण आली. तरीही रिकामाच सोडला आहे.

हिराआत्या